स्वयंचलित जहाज बिघडतं तेव्हा हातात किती वेळ असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जहाजांवर ऑटोमेशन वाढतंय, खलाशी कमी होताहेत, विनाखलाशी जहाजांच्याही चाचण्या चालू आहेत. यातून सागरी वाहतूक जास्त सुरक्षित होतेय की जास्त नाजूक? आणि बिघाड झालाच तर जहाजाने तग धरावा म्हणून नेमकं काय करून ठेवायचं?

माझं उत्तर असं की दोन्ही एकाच वेळी होतंय. चार्टवर जागा चुकीची लावणं, समोरच्या जहाजाशी किती अंतर राहील याचं गणित चुकणं, इंजिनाचं वाढतं तापमान वेळेवर न दिसणं, अशा रोजच्या चुका यंत्रांनी खरोखर कमी केल्या. पण ज्या उरल्या त्या उशिरा कळतात, आणि कळल्यावर हात घालायला माणसं थोडी असतात, त्यांचा सराव त्याहून थोडा. म्हणून कुठल्याही स्वयंचलित यंत्रणेबद्दल दोन गोष्टी मोजाव्यात. बिघाड झाल्यापासून तो माणसाच्या लक्षात येईपर्यंत किती वेळ जातो, आणि लक्षात आल्यापासून जहाज पुन्हा ताब्यात यायला किती वेळ लागतो. या दोन्हींची बेरीज समोरच्या उथळ्यापर्यंत, पुलापर्यंत किंवा दुसऱ्या जहाजापर्यंत उरलेल्या वेळेपेक्षा कमी असली पाहिजे.

पहिला वेळ किती लांबू शकतो ते 'रॉयल मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाच्या अपघातातून कळतं. जून १९९५ मध्ये ते बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. बंदर सोडल्यावर तासाभराच्या आत जीपीएसच्या अँटेनाची केबल जोडापाशी सुटली. रिसीव्हर बंद पडला नाही. उपग्रह मिळेनात म्हणून तो जायरोची (दिशादर्शक यंत्राची) दिशा आणि लॉगचा (वेगमापकाचा) वेग घेऊन अंदाजाने जागा काढू लागला. याची खूण म्हणजे पडद्यावर बारीक अक्षरांत 'डीआर' (डेड रेकनिंग, म्हणजे अंदाजाची जागा) आणि सुरुवातीला क्षणभर वाजलेला हलका आवाज, एवढीच. ऑटोपायलटकडे जाणाऱ्या संदेशात 'ही जागा भरवशाची नाही' अशी नोंद होती, पण ती वाचण्याची सोय ऑटोपायलटमध्ये नव्हती. वारा आणि प्रवाह जहाजाला पश्चिमेकडे ढकलत राहिले. १० जूनच्या रात्री नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला ते वाळूवर चढलं तेव्हा केबल सुटून ३३ तासांहून जास्त वेळ झाला होता, आणि जहाज ठरलेल्या मार्गापासून १७ सागरी मैल दूर होतं. पंधराशेवर माणसं वाचली, हे मोठंच नशीब.

त्या ३३ तासांत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, निष्काळजी शुकशुकाट नव्हता. दर तासाला चार्टवर जागा लावली जात होती, पण ती त्याच जीपीएसवरून. शेजारी लोरान-सी (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून जागा काढणारा) रिसीव्हर चालू होता, त्याच्याशी कोणी ताडून पाहिलं नाही. ऑटोपायलट जीपीएसची जागा स्वतःच्या अंदाजाशी ताडत होता, पण आता दोन्ही अंदाज एकाच जायरो आणि लॉगवरून निघत होते, तेव्हा ते जुळणारच. पाण्याची खोली मोजणाऱ्या इको साउंडरचा अलार्म शून्य मीटरवर ठेवलेला होता. रडारवर जिथे बोया (तरंगती खूण) अपेक्षित होता तिथे एक ठिपका दिसला. तो दुसराच बोया होता.

यातली मेख अशी की दुसरा पडदा म्हणजे दुसरा स्रोत नव्हे. आजच्या जहाजावर एकाच जीपीएसवरून एक्डिस (इलेक्ट्रॉनिक चार्ट), एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा प्रसारित करणारं यंत्र), ऑटोपायलट, व्हीडीआर (जहाजाचा 'ब्लॅक बॉक्स'), व्हीएचएफ रेडिओचा डीएससी (संकटसंदेशाची सोय), सॅटकॉमची (उपग्रह संपर्काची) अँटेना आणि जायरोची वेग-अक्षांश दुरुस्ती, एवढ्या सगळ्यांना माहिती जाते. जहाजावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कागदावर हे झाड काढून बघावं: कोणतं यंत्र कशावर जेवतंय, आणि जीपीएस गेला तर कोणकोणत्या पडद्यांवरचे आकडे खोटे होतील. रडारला वेग कुठून दिलाय तेही याच वेळी बघा. टक्कर टाळण्यासाठी पाण्यातला वेग लागतो. तिथे जीपीएसचा जमिनीवरचा वेग जोडलेला असेल, तर प्रवाहात समोरच्या जहाजाची बाजू चुकीची दिसू शकते.

आता केबल तुटायचीही गरज उरलेली नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ वीसहून जास्त जहाजांना आपण गेलेंजिकच्या विमानतळावर असल्याचं दिसत होतं. अशी मोठी उडी लगेच लक्षात येते. घातक असते ती हळूहळू सरकणारी जागा, कारण ती प्रवाहासारखी दिसते आणि ऑटोपायलट गुपचूप तिच्या मागे जातो. ती पकडायला महागडं यंत्र लागत नाही. एक्डिसवर रडारची प्रतिमा टाका आणि किनारा किनाऱ्यावर बसतोय का बघा. मुंबईकडे दक्षिणेकडून येताना रडारवर खांदेरी बेटाची पॅरलल इंडेक्स रेषा (मार्गाला समांतर, ठरलेल्या अंतरावरची) लावा, आणि तिथल्याच कान्होजी आंग्रे दीपगृहाचं बेअरिंग (दिशेचा कोन) डोळ्याने घ्या. पुढे कुलाब्याजवळ प्राँग्ज दीपगृह आहेच. इको साउंडरचं माप किलखालचं (जहाजाच्या तळाखालचं) असेल तर त्यात जहाजाचा ड्राफ्ट (पाण्यात बुडालेला भाग) मिळवा, भरतीची उंची वजा करा, मग चार्टवरच्या खोलीशी ताडा. हे सगळं चार-पाच मिनिटांचं काम आहे. किनाऱ्याजवळ दर वॉचला (पाळीला) एकदा तरी जीपीएसचा आकडा झाकून तीन बेअरिंगवरून जागा काढावी आणि मगच तुलना करावी. आधी आकडा पाहिला की हात नकळत त्याच जागेकडे जातो.

चार्टवरची सेटिंग्ज हा अपघातांचा दुसरा मोठा कोपरा. सप्टेंबर २०१३ मध्ये 'ओविट' हा रसायनवाहू टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकेवर चढला, कारण एक्डिसवर आखलेला मार्गच त्या उथळ्यावरून जात होता. मार्ग कनिष्ठ अधिकाऱ्याने आखला होता, कॅप्टनने तपासला नव्हता, सुरक्षित खोलीची रेषा चुकीची होती आणि अलार्मचा आवाज चालत नव्हता. आपण रुतलोय हे वॉचवरच्या अधिकाऱ्याला कळायला १९ मिनिटं गेली.

ही रेषा ठरवण्याचं गणित इथे मांडून दाखवतो, कारण अनेक जहाजांवर मागच्या अधिकाऱ्याने ठेवलेला आकडाच पुढे चालत राहतो. समजा ड्राफ्ट ९ मीटर आहे. वेगामुळे जहाज खाली बसतं ते १ मीटर. कंपनीने सांगितलेलं किलखालचं पाणी १.५ मीटर. सर्वेक्षणाचा दर्जा 'बी' असेल तर खोलीत १ मीटर अधिक खोलीच्या २ टक्के एवढी चूक गृहीत धरायची, म्हणजे १२ मीटर पाण्यात साधारण सव्वा मीटर. बेरीज पावणेतेरा, म्हणून १३. भरती धरायची असेल तर ती तेवढ्याच तासांपुरती. आता अडचण इथे येते: चार्टमध्ये १३ मीटरची रेषा नसेल तर एक्डिस त्याहून खोल अशी पुढची रेषा उचलतो. चार्टवर १० आणि २० एवढ्याच रेषा असल्या तर तो २० घेतो, अख्खं चॅनेल उथळ दिसतं आणि अलार्म थांबत नाही. मग कोणीतरी कंटाळून आकडा १० करून टाकतं. तसं करू नका. सेफ्टी डेप्थ हे वेगळं सेटिंग १३ वरच राहू द्या, म्हणजे त्याहून कमी खोलीचे आकडे ठळक दिसतील, आणि जिथे जायचं नाही ती हद्द हाताने आखा. शिवाय कोणताही आकडा न भरल्यास रेषा ३० मीटरवर जाते. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर हे पहिलं तपासायचं.

अलार्मबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जो अलार्म दिवसाला पन्नास वेळा वाजतो तो अलार्म राहत नाही. आठवडाभराची अलार्म-यादी छापून घ्या, सर्वांत जास्त वाजणारे दहा शोधा आणि प्रत्येकाचं कारण काढा: सैल सेन्सर, चुकीची मर्यादा, की खरोखरचा बिघाड. आवाज बंद करणं ही दुरुस्ती नव्हे. वॉचवरचा अधिकारी जागा आहे ना हे बघणाऱ्या ब्रिज वॉच अलार्मचाही हिशेब करून बघा. ब्रिजवर हालचाल थांबल्यापासून त्याला ३ ते १२ मिनिटांची मुभा असते. ती १२ वर ठेवली तर १५ नॉट (ताशी १५ सागरी मैल) वेगात जहाज ३ मैल जातं. त्यानंतर दिवा, मग १५ सेकंदांनी ब्रिजवर आवाज, आणखी १५ सेकंदांनी कॅप्टनकडे, आणि साधारण ९० सेकंदांनी इतरांकडे. म्हणजे शेवटच्या टप्प्यापर्यंत १४ मिनिटं, साडेतीन मैल. कोकण किनाऱ्यासारख्या मच्छीमारांच्या गर्दीत १२ हा आकडा ठेवायला काहीच आधार नाही.

ताबा कोणाकडे आहे हे न कळणं, हाही बिघाडच. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' या विनाशिकेची 'अल्निक एमसी' या टँकरशी टक्कर झाली आणि १० नौसैनिक गेले. सुकाणू बिघडलं नव्हतं. टचस्क्रीनवरून स्टिअरिंगचा ताबा नकळत शेजारच्या कन्सोलकडे गेला आणि हेल्मवरच्याला (सुकाणू धरणाऱ्याला) वाटलं सुकाणूच गेलं. वेग कमी करायला गेले तर दोन पंख्यांच्या शाफ्टचे थ्रॉटल (वेगाची नियंत्रणं) एकमेकांना जोडलेले नव्हते, एकच मंदावला आणि जहाज डावीकडे वळत गेलं. नंतर त्या नौदलाने टचस्क्रीनऐवजी हाताचे थ्रॉटल परत आणायचं ठरवलं. व्यापारी जहाजावर यासाठी साधा नियम पुरतो: ताबा बदलला की घेणाऱ्याने तोंडाने सांगायचं, दोन्ही बाजूंना ५ अंश सुकाणू देऊन रडर इंडिकेटर (सुकाणूचा कोन दाखवणारा काटा) हलतोय का बघायचं, आणि मगच देणाऱ्याने हात काढायचा.

आता दुसरा वेळ, जहाज परत ताब्यात येण्याचा. इथे वीज हाच खरा विषय आहे. २६ मार्च २०२४ च्या रात्री बॉल्टिमोरहून निघालेलं 'डाली' हे ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज, ज्यावरचे खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते, 'की ब्रिज'च्या खांबावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा कामगार मेले. पहिल्या ब्लॅकआउटपासून धडकेपर्यंत चार मिनिटांच्या आसपास वेळ होता. अमेरिकी तपास यंत्रणेने मूळ शोधलं ते एका नियंत्रण वायरमध्ये. वायरवरची नावाची पट्टी अशी बसवली होती की टोक टर्मिनलमध्ये पूर्ण शिरलंच नव्हतं. ती सैल वायर निसटली, ब्रेकर उघडला आणि लो व्होल्टेजचा वीजपुरवठा गेला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे पंप थांबले म्हणून मुख्य इंजिन स्वतःच्या संरक्षणासाठी आपोआप बंद झालं. खलाशांनी मिनिटभरात ब्रेकर हाताने लावले, म्हणजे माणसांनी काम चोख केलं. पण जनरेटरांना इंधन पुरवायला फ्लशिंग (एरवी नळ्या धुण्याचा) पंप वापरात होता, आणि वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू होणारा नव्हता. इंधनाचा दाब पडला, जनरेटर बंद झाले आणि दुसरा ब्लॅकआउट आला.

यावरून प्रत्येक चीफ इंजिनिअरने एक यादी करावी: वीज जाऊन परत आली तर कोणते पंप आपोआप सुरू होतात, कोणत्या क्रमाने, किती सेकंदांनी, आणि कोणते होत नाहीत. जे होत नाहीत त्यांच्यापैकी एकही जनरेटरच्या किंवा मुख्य इंजिनाच्या जिवावरचा असेल तर त्या अवस्थेत बंदराच्या चॅनेलमध्ये शिरायचं नाही. टर्मिनलवरच्या वायरी हाताने हलकेच ओढून बघणं आणि स्विचबोर्ड लोडवर असताना थर्मल कॅमेऱ्याने तपासणं, ही दोन्ही कामं स्वस्त आहेत. ओढून बघणं अर्थातच वीज बंद करूनच.

'वायकिंग स्काय'ची गोष्ट वेगळी, पण शिकवण तीच. २३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या हुस्टाडविका भागात वादळात तिचे चालू असलेले सर्व जनरेटर एकामागून एक बंद पडले. वंगण तेलाची पातळी निर्मात्याने सांगितलेल्या पातळीपेक्षा बरीच खाली होती. जहाज डोललं की तेल पंपाच्या तोंडापासून दूर जायचं, दाब पडायचा आणि संरक्षण यंत्रणा इंजिन थांबवायची. पुरेशी ताकद परत यायला ३९ मिनिटं लागली. तेराशेहून जास्त माणसं घेऊन जहाज खडकापासून जेमतेम एका जहाजाच्या लांबीएवढ्या अंतरावरून बचावलं. स्वयंचलित संरक्षण इंजिनाला वाचवतं. त्याला खडक दिसत नाही. म्हणून कोणता ट्रिप (यंत्राचं आपोआप बंद होणं) ब्रिजवरून ओव्हरराइड करता, म्हणजे डावलता, येतो आणि कोणता येत नाही, हे कॅप्टनला पाठ असायला हवं.

इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांत आपोआप लागून लोड घ्यायला हवा. आठवड्याच्या चाचणीत बटण दाबून इंजिन चालवलं आणि नोंद केली, याला मी चाचणी म्हणत नाही. मुख्य स्विचबोर्डाशी जोडणारा बस-टाय ब्रेकर उघडून इमर्जन्सी स्विचबोर्ड खरोखर निर्जीव करा, घड्याळ लावा, स्टिअरिंगचा एक पंप त्याच्यावर चालवून बघा. चुकतं ते नेहमी क्षुल्लक असतं: बॅटरी उतरलेली, सिलेक्टर मॅन्युअलवर राहिलेला, इंधनाचा क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह बंद, खोलीचे हवेचे झाकण लावलेले, त्यामुळे इंजिन पाच मिनिटांत तापून बसतं.

अरुंद पाण्यात शिरण्याआधी दोन जनरेटर समांतर, तिसरा तयार, स्टिअरिंगचे दोन्ही पंप चालू, नांगर सोडायला मोकळे आणि पुढे माणूस उभा. स्टिअरिंगचं माप सर्वांना माहीत आहे, एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० पर्यंत २८ सेकंदांत. पण तीन महिन्यांतून एकदा करायचा आपत्कालीन स्टिअरिंगचा सराव बहुतेक ठिकाणी फोन उचलून संपतो. स्टिअरिंग खोलीत आवाजात तो फोन ऐकू येतो का, तिथला जायरो रिपीटर ब्रिजशी जुळतो का, आणि तिथल्या माणसाने सोलेनॉइड (सुकाणू फिरवणारा विद्युत व्हॉल्व्ह) दाबल्यावर सुकाणू अपेक्षित बाजूलाच जातं का, हे जहाज खुल्या समुद्रात चालू असतानाच कळतं.

विनाखलाशी जहाजांकडे याच नजरेने बघा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने स्वायत्ततेचे चार टप्पे मानले आहेत: मदतनीस यंत्रणा असलेलं जहाज, माणसं असलेलं पण दुरून चालणारं, माणसं नसलेलं आणि दुरून चालणारं, आणि पूर्ण स्वायत्त. नॉर्वेत हेरोया ते ब्रेविक या छोट्या मार्गावर १२० कंटेनर नेणारं 'यारा बिर्केलँड' हे बॅटरीवरचं जहाज २०२२ पासून व्यापारी फेऱ्या करतंय. तिथला मार्ग आखूड आहे, मदत जवळ आहे आणि बॅटरी-मोटरीच्या यंत्रणेत देखभालीचे भाग कमी आहेत. ही निवड फार शहाणपणाची आहे. उलट 'मेफ्लॉवर' या स्वायत्त बोटीला २०२१ मध्ये अटलांटिक ओलांडताना परत फिरावं लागलं ते जनरेटरच्या एक्झॉस्टमधला लवचीक जोड तुटल्यामुळे. मार्ग ठरवणारा संगणक ठीक होता. माणसं असलेल्या जहाजावर तो जोड एका दुपारचं काम होतं. विनाखलाशी जहाजाची पहिली परीक्षा कृत्रिम बुद्धिमत्तेची नसते. इंजिनरूममध्ये स्पॅनर धरणारं कोणी नाही, यातून जहाज कसं निभावतं, ही ती परीक्षा.

दुरून चालणाऱ्या जहाजाचा संपर्क तुटला तर काय, याला बहुतेक उत्तर मिळतं: 'ते सुरक्षित थांबेल.' हे उत्तर अपुरं आहे. मोठ्या भरलेल्या जहाजाला थांबायला दीड-दोन मैल लागू शकतात, आणि वेग तीन-चार नॉटच्या खाली गेला की सुकाणूला पाणी लागत नाही. चॅनेलमध्ये थांबलेलं जहाज प्रवाहाच्या स्वाधीन असतं. म्हणून मार्गाच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा शेवटचा आसरा आधीच लिहिलेला हवा: खुल्या समुद्रात वेग कमी करून दिशा धरून राहणं, किनाऱ्याजवळ ठरलेल्या जागी नांगर, चॅनेलमध्ये बाहेर पडेपर्यंत जात राहणं किंवा सोबतच्या टगने ताबा घेणं. आणि संपर्क किती सेकंद तुटला तर हे सुरू होतं, तो आकडाही.

आपल्या किनाऱ्यावर एक अडचण जास्त आहे. रत्नागिरी ते डहाणू पट्ट्यात लहान लाकडी आणि फायबरच्या मासेमारी नौका शेकड्यांनी असतात. अनेकींवर एआयएस नसतो, रडारवर त्यांचा ठिपका क्षीण असतो आणि पावसाळी लाटांत रडारचा ऑटो सी-क्लटर (लाटांचे ठिपके आपोआप गाळण्याची सोय) त्यालाच पुसून टाकतो. नियमाप्रमाणे ट्रॉलर पांढऱ्या दिव्याच्या वर हिरवा आणि इतर मासेमारी करणारी नौका पांढऱ्याच्या वर लाल दिवा दाखवते. प्रत्यक्षात अनेकदा कामाच्या झगझगीत पांढऱ्या दिव्यात तो दिसतच नाही. युरोपातल्या खाडीत शिकलेली कॅमेरा-यंत्रणा इथे तशीच बसवली तर तांडेलाने (नौकेच्या म्होरक्याने) जाळं कुठवर टाकलंय हे तिला कळणार नाही. आज तरी इथे एक्स-बँड रडार ३ ते ६ मैलांच्या रेंजवर, क्लटर हाताने, आणि ब्रिजच्या विंगवर (बाजूच्या सज्जावर) डोळे असलेला माणूस, याला पर्याय नाही.

सायबर हल्ल्याचं थोडक्यात सांगतो. २७ जून २०१७ ला नोटपेत्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणक यंत्रणा कोलमडल्या आणि उरणजवळच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. कंपनीने नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. सगळं पुन्हा उभं करता आलं त्यात घानातल्या एका सर्व्हरचा मोठा वाटा होता. वीज गेल्यामुळे तो नेमका त्या वेळी नेटवर्कपासून तुटलेला होता. जे तिथे योगायोगाने झालं ते जहाजावर ठरवून करायचं. एक्डिस, पॉवर मॅनेजमेंट आणि इंजिन नियंत्रणाची पूर्ण प्रत नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कवर कपाटात ठेवायची, सर्व सेटिंग्ज छापून फाइलला लावायच्या, चार्ट अपडेटची पेनड्राइव्ह दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. सेवा कंपनीचा दूरस्थ प्रवेश भौतिक स्विचने बंद ठेवायचा आणि चीफ इंजिनिअरच्या परवानगीने ठरलेल्या वेळेपुरताच उघडायचा; चॅनेलमध्ये असताना कधीच नाही. १ जुलै २०२४ पासून करार झालेल्या नव्या जहाजांना वर्गीकरण संस्थांचे ई-२६ आणि ई-२७ हे सायबर सुरक्षेचे नियम लागू आहेत, पण समुद्रावरची बहुतेक जहाजं त्याआधीची आहेत. त्यांच्यासाठी कपाटातली ती डिस्कच उपयोगी पडेल. ती खरोखर चालते का हे वर्षातून एकदा ड्रायडॉकमध्ये किंवा नांगरावर असताना, राखीव एक्डिसवर उतरवून बघा. उतरवायला दोन तास लागले तर तुमच्या योजनेत 'अर्धा तास' लिहिलेलं खोडा आणि दोन तास लिहा.